द्वारकाने भात कुठे ओतला

मी एक जुनी शेगडी आहे. कोळशाची नव्हे, भुशाची. मित्रांनो, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या या बाल्कनीत मला बसवले आहे, पण साठ वर्षे झाली, माझा जीव काही स्वस्थ बसत नाही.

कसब्यातल्या दत्तोबा पत्रेवाल्याने तेलाच्या डब्यापासून मला घडवले. १९६५ चे युद्ध सुरू झाले, रॉकेल मिळेना, आणि घरात माझा मान वाढला. मला भरायचे काम नऊ वर्षांच्या द्वारकाचे. माझ्या पोटात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठासायचा आणि बाटली अलगद उपसायची. हात हलला की सगळे ढासळायचे. शिवाय रेशनच्या तांदळातले खडे निवडायचे, नळावरून पाणी भरायचे, सहा महिन्यांच्या धाकट्या बहिणीला, हेमाला, झोका द्यायचा.

एका संध्याकाळी आई रॉकेलच्या रांगेत गेली. "भात सांभाळ गं. घरातला शेवटचा तांदूळ आहे," असे तिने बजावले होते. मी अंगणात पेटलेली होते. तेवढ्यात हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा झाला.

"अहो, शेगडी आत घ्या! जाळ दिसतोय!" कोणीतरी ओरडले.

द्वारकाने आधी पातेले, मग मला ओढत आत नेले आणि दार लावले. विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडकीला काळा कागद डकवलेला होता. भुसा दमट होता. मी धुमसू लागले. थांबावेसे फार वाटले, पण मला स्वतःला विझवता येत नाही. द्वारका खोकत होती. झोळीतल्या हेमाचे रडणे बारीक होत गेले आणि थांबले.

"हेमे? ए हेमे!"

तिने दार उघडले. "दार लावा!" पुन्हा ओरडा झाला. लावावे तर धूर, उघडावे तर जाळ दिसणार. पाणी भरायचे राहून गेले होते. द्वारकाने अर्धा शिजलेला भात पाण्यासकट माझ्यावर ओतला. मी विझले. ती हेमाला घेऊन उघड्या दारात बसून राहिली. बऱ्याच वेळाने हेमा रडली.

आई आली. "भात कुठे आहे?"

"शेगडीत ओतला. हेमा रडत नव्हती."

आईचा उगारलेला हात हवेतच राहिला. मग तिने दोघींना पोटाशी धरले. त्या रात्री चूल पेटली नाही.

पुढे गॅस आला. मी गंजत पडले, तरी द्वारकाने मला टाकले नाही. मागच्या थंडीत तिच्या नातीने, तनयाने, माझ्यात कोळसे घालून मला खोलीत आणले. "आजी, मस्त फील येईल!"

"बाहेर ने. आत्ताच्या आत्ता!" द्वारका ओरडली. मग तिने सगळे सांगितले.

"हेमाआजीला माहीत आहे हे?"

"नाही. तिला कशाला सांगायचे?"

तनयाने फोन केला. रविवारी हेमा वाघोलीहून आली. तिने माझ्या गंजलेल्या कडेवरून हात फिरवला.

"ताई, मार खाल्लास का गं माझ्यामुळे?"

"छे," द्वारका म्हणाली, आणि पहिल्यांदाच रडली.

मित्रांनो, बंद खोलीत विस्तव ठेवू नका. आणि तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, लहानपणी त्यांनी कोणकोणती कामे केली. ती आपणहून सांगत नाहीत.