सोजरचं आवतण

“उनो खड़े हो सकते क्या?” रत्नम पाळकानं विचारलं.

तो सायकलवरून नुकताच आला होता आणि प्रार्थनाघराच्या दारात पायाची धूळ झटकत होता. त्याला मराठी येत नव्हतं आणि मला तेलुगू येत नव्हतं. बाजारात बोलतात तसल्या हिंदीत आम्ही बोलत होतो.

“उठती नहीं साब,” मी म्हणालो. “बाज पे पड़ी है. वो रोटी और प्याला घर को लाओ ना. इधरीच है घर.”

पाळकानं भगवानकडं पाहिलं. भगवान आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पंच. माझा चुलतभाऊ आणि माझ्यासारखाच दोर वळणारा. पण तो तरुणपणी निजामाबादेकडं राहून आला होता, तेलुगू बोलत होता, आणि आता तेच कामाचं झालं होतं. दोघं थोडा वेळ आपसात बोलले.

“पाळक म्हन्ते, बाजेवर घालून आना,” भगवान म्हणाला. “चार मानसं मी देतो. उभी नाई राह्यली तरी चालते. पन मंडळीपुढं आपल्या तोंडानं म्हनलं पाह्यजे, का माझं चुकलं. मंग भाकर भेटंल.”

“अन् नाई म्हनली तं?”

“काऊन नाई म्हनंल? मरनाच्या दारात कोनी हट्ट करते का, लखमा?”

सोजर त्याच्या डोळ्यांपुढं नांदायला आली होती, तिचा स्वभाव त्याला ठाऊक होता. तरी तो असं म्हणाला.

सोजर माझी बायको. तिचं काय चुकलं ते सांगतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळण असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सोलवटतात. त्या संध्याकाळी कोमट पाण्यानं खांदे धुवायचे, तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेकायचं, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ त्या वर्षी गावातले शेतकरी उद्धवराव यांची आई पोळ्याच्या तोंडावर वारली. घराला सुतक. सुतकाच्या घरात पोळा नाही आणि खांदेमळणही नाही. शेजारपाजारचं कोणी त्या गोठ्यात पाय घालायला तयार नव्हतं. त्यांचा चांद्या बैल मात्र खांदा सुजून उभा होता. कातडं निघालेलं, वर माश्या.

सोजर नव्या वेसणी पोचवायला तिकडं गेली होती. पोळ्याला साऱ्या गावाला नवे दोर, वेसणी आम्हीच देतो. बैल तिनं पाहिला. उद्धवरावांची बायको बयनाबाई दारात उभी होती, रडून तोंड सुजलेलं.

“बयनाबाई, वाटीभर तूप ठेवा बाहीर,” सोजर म्हणाली. “मले ना सुतक, ना सोवळं. मी करतो.”

आणि तिनं केलं. पाणी तापवलं, खांदा धुतला, तूप चोळलं, पानानं शेकलं. शेवटी आवतणही दिलं. उद्या त्या घरात जेवण होणार नव्हतं हे तिला ठाऊक होतं. पण बैलाला काय ठाऊक, असं ती नंतर मला म्हणाली.

आमच्या मंडळीत नेम होता की पोळ्याच्या कुठल्याही विधीला हात लावायचा नाही. दोर विकायला मुभा होती, कारण ते पोटाचं. तिकडंच दोर घेऊन गेलेल्या भगवानच्या बायकोनं सोजरला आवतण देताना ऐकलं. पुढच्या रविवारी पंचांनी ते पाळकापुढं मांडलं. बैलाची प्रार्थना केली, असं त्याचं नाव झालं.

“दोर इकलेला चालते,” सोजर त्यांना म्हणाली, “अन् फुकट लावलेलं तूप चालत नाई. बरं हाय.”

पंचांना हे झोंबलं.

तेव्हा आमचे पाळक अमृतराव होते. नांदेडकडचे, म्हातारे, मऊ बोलणारे. आम्हाला त्यांनीच बाप्तिस्म्याच्या पाण्यात घेतलं होतं. त्याआधीची सोजर निराळी होती. आमची दोन लेकरं अंगावर पीत असतानाच गेली. लोक म्हणाले, नवस चुकला. मग ती नवस फेडत राहिली. मंगळवार, शुक्रवार, अमावस्या, सगळे उपास. वाळून काडी झाली होती. अमृतराव गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्यात आले तेव्हा त्यांनी तिला एवढंच सांगितलं, “बाई, आता काही फेडायचं नाही. तुझ्या वतीचं सगळं एकानं फेडून टाकलंय. तू फक्त घे आणि माया कर.” तिनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं की खरंच काही नाही का. पुढच्या मंगळवारी ती पोटभर जेवली. मी नुसता तिच्याकडं बघत बसलो होतो.

नंतर आमच्याच पंचांनी नेम घातले. कुंकू नको, जत्रा नको, दुसऱ्याच्या सणाचं ताट नको. एकेक वाढत गेले. सोजर बहुतेक पाळायची, भांडण नको म्हणून.

अमृतरावांनी तिला प्रभुभोजनातून, म्हणजे त्या भाकर-प्याल्यातून, बंद केलं ते पंचांच्या भिडेनं. त्याच संध्याकाळी ते घरी आले. म्हणाले, “सोजर, नाताळपर्यंत मागं बस. नाताळला मीच तुला पुढं बोलावतो. तुला काही बोलायला लावणार नाही.”

ती मागं बसली. पण नाताळ यायच्या आत मुलुख वाटले गेले. पोलीस ॲक्शनमध्ये निजाम गेला होता, आता हैदराबाद राज्यही मोडलं. नांदेड मुंबई राज्यात गेलं. आमचा मुधोळ तालुका नांदेडातून काढून आदिलाबादेत घातला, म्हणजे आंध्रात. शाळेतला मास्तर बदलला, तलाठ्याची बोली बदलली. मिशननंही आपल्या हद्दी तशाच पाडल्या. अमृतरावांना नव्या हद्दीपलीकडं धर्माबादेला नेलं. नाताळला आमच्याकडं कोणी आलंच नाही. जानेवारीत रत्नम आला तेव्हा त्याला पंचांनी सांगितलं तेवढंच माहीत होतं, की एक बाई बंद आहे. तोवर सोजरनं बाज धरली होती. ताप उतरत नव्हता, खोकल्यात रक्त येत होतं.

मी घरी आलो. ती जागीच होती.

“काय म्हन्ते नवा पाळक?”

“बरा हाय मानूस. बाजेवर घालून आना म्हन्ला.”

“अन्?”

“चुकलं म्हनायचं. येवढंच.”

ती हसली आणि त्यानं खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाली, “बैलाले इचारलं का त्यायनं?”

“थट्टा नको करू. एक शब्द हाय, सोजर. म्हन अन् मोकळी हो.”

“मोकळीच तं हाय मी. मोकळी होती म्हनून तं त्या गोठ्यात गेली. बाकी समदे बांधलेले होते. बयनाबाई सुतकानं, शेजारी इटाळानं, आपले लोक नेमानं. आता चुकलं म्हनलं का मी बी गेली त्यायच्यात.”

“कोनाले कळते मनातलं? तोंडानं म्हन.”

“तुमाले सांगू? निजामाचा करोडगिरीचा नाका उठला, पन आपल्या पंचायचा नाई उठला. देवाचं फुकटचं हाय, अन् हे मधातच बसलेत जकात घ्याले.”

मला राग आला. पंचांचा नाही, तिचाच. मी म्हणालो, “तुले भाकर पाह्यजे का नाई?”

ती आढ्याकडं बघत राहिली.

“पाह्यजे,” ती म्हणाली. “लय पाह्यजे. म्हनून तं इकत नाई घेत.”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शकुबाईला तिच्याजवळ बसवून मी बासरला गेलो आणि तिथून गाडीनं धर्माबादेला. गाडी निघाली तशी लोकांनी खिडकीतून बासरच्या देवळाकडं हात जोडले. मी हात मांडीखाली धरून बसलो. काय करावं ते कळत नव्हतं. हात जोडले तर नेम मोडतो, नाही जोडले तर ती मरते, असं काहीतरी मनात आलं.

अमृतरावांनी मला ओसरीवर बसवून चहा दिला. सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसत राहिले.

“लखमा, तुमची मंडळी आता त्यांच्याकडं आहे,” ते म्हणाले. “मी तिथं येऊन भाकर मोडली तर दुसऱ्याच्या शेतात नांगर घातल्यासारखं होईल. वर पत्र लिहितो मी.”

“पत्राचं उत्तर येईपर्यंत ती नाई राह्यची.”

“ते मला दिसतंय.”

“तुमीच म्हनले होते, काई फेडायचं नाई.”

“म्हणालो होतो,” ते म्हणाले. “खरंच आहे ते.”  मी निघताना म्हणाले, “तिला माझा सलाम सांग.” फाटकापर्यंत आले, तिथं थांबले.

सलाम सांगितला तेव्हा सोजर म्हणाली, “म्हातारे झाले. लय दमवलं असंल त्यायले कोनी.” तिच्या मनात त्यांच्याविषयी काही नव्हतं. माझ्या मनात होतं, अजून आहे.

मग मी ते पाळकाचं काम केलं जे मला करता येत नव्हतं. चुलीवरची ज्वारीची भाकर घेतली आणि गूळ कालवून पाणी केलं. प्रार्थनाघरात प्याल्यात मनुकांचं पाणी असतं, ते आमच्याकडं कुठलं? शब्दही मला सगळे येत नव्हते.

“माझ्या हातानं चालते का?” मी विचारलं.

“काऊन नाई चालत? घट्टे पडलेत, येवढंच.”

मी भाकर मोडली. तिच्या तोंडात एक तुकडा ठेवला. काही म्हणायचं म्हणून तिचं नाव घेतलं. तिनं डोळे मिटून तुकडा धरून ठेवला. पण तो गिळवेना. पाण्यानं भिजवला तरी उतरेना. शेवटी मीच बोटानं तो काढला आणि तिचे ओठ पुसले.

“उद्या खाईन,” ती म्हणाली.

सकाळी उजाडताना ती गेली.

भगवान आला. प्रार्थनाघराशी रुळाचा तुकडा टांगलेला आहे, मंडळीतलं कोणी गेलं की तो वाजवतात. तो वाजला नव्हता. भगवान माझ्याशेजारी बसला. तो रडला होता, डोळे लाल होते.

“लखमा, ऐक. बंद असलेलं मानूस मसनवाटीच्या कुंपनाच्या आत पुरता येत नाई, तुले ठाऊक हाय. पन ती जाताना काई बोलली असंल ना तुह्याशी? तू येवढंच म्हन, का शेवटी ती चुकलं म्हनली. मी पाळकाले निरोप धाडतो. घंटा वाजवतो. आत खड्डा घेऊ, जांभळीखाली. बाजूले तुही जागा राहील. तू तं काई चुकला नाई.”

त्याचं बोलणं वाईट नव्हतं. तो मला वाट करून देत होता. मी सोजरकडं पाहिलं. शकुबाईनं तिच्या तोंडाला फडकं बांधलं होतं. मी हो म्हणालो असतो तर कोणाचं काही जात नव्हतं. तिला तरी काय कळणार होतं? घंटा वाजली असती, पाळक आला असता, चार लोकांनी गाणं म्हटलं असतं. मला ते सगळं हवं होतं.

“नाई म्हनली,” मी म्हणालो.

“नीट आठव.”

“नीट आठवते. नाई म्हनली ती.”

भगवान उठला. एकदा सोजरकडं पाहून गेला.

मयत उचलायला माणसं कमी पडली. मंडळीतले बहुतेक घरात बसले. उद्धवरावांनी गाडी जुंपली, स्वतः हाकायला आले. गाडीला चांद्या होता. त्याच्या खांद्यावर केस परत आले होते. कुंपणाच्या बाहेर, ओढ्याच्या अंगाला, मी आणि शकुबाईच्या नवऱ्यानं खड्डा घेतला. जमीन खडकाळ होती, फार खोल जाता आलं नाही. प्रार्थना कोणी केली नाही. उद्धवराव टोपी काढून उभे राहिले. त्यांना आमचं काही येत नव्हतं, आणि त्यांचं तिथं चालत नव्हतं.

मी रविवारी जात राहिलो. बाकावर बसलो, माझ्या हातात भाकर आली, मी खाल्ली. रत्नम पाळक तेलुगूत बोलायचा, भगवान मराठीत सांगायचा. माया, क्षमा, हे शब्द दोन्ही बोलींत यायचे. मला काही वाटायचं नाही. तिला आत घ्यायला जिथं जागा झाली नाही तिथं मी बसतोय, एवढंच वाटायचं.

पुन्हा पोळा आला. मी एकट्यानं दोर वळले, कमीच झाले. दोराचा वाख भिजवायला, पीळ धरायला दुसरं कोणी नव्हतं. पोळ्याच्या दिवशी दिवस कलताना, बैल पूजेवरून परतल्यावर, बयनाबाई आमच्या वाड्यात आल्या. त्या कधी येत नाहीत. हातात पितळेचं ताट, वर फडकं. पुरणपोळी, वडे, कढी.

“तिनं आवतन देलं होतं गेल्या साली,” त्या म्हणाल्या. “जेवन राह्यलं होतं. बैलाले आज घातलं. हे तिचं.”

त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं, हातात दिलं नाही, आणि दोन पावलं मागं सरल्या. आयुष्यभराची सवय. मग म्हणाल्या, “ताट वापस आनू नका.” ते मायेनं म्हणाल्या की विटाळामुळं, मला कळलं नाही. दोन्ही असेल.

त्या गेल्या. समोरच्या ओट्यावर भगवान वाख विंचरत बसला होता. त्याचे हात थांबले. त्यानं ताट पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि मान हळूच हलवली. आत ने, असं तो सांगत होता. आत नेलं असतं तर त्यानं काही पाहिलं नसतं. तेवढं त्यानं माझ्यासाठी केलं असतं.

मला भूक नव्हती. मी ओट्यावरच मांडी घातली, फडकं काढलं आणि पोळी मोडली. पहिला घास उतरायला वेळ लागला.

भगवान उठून आपल्या घरात गेला. मी सगळं ताट संपवलं.

मग घागरीतलं पाणी घेऊन ताट घासलं, आणि सोजरची वाटी जिथं असते तिथं ठेवून दिलं.