चाळणीखाली गेलेले

लतिका नाडकर्णी हिने दोन वर्षांत पाणमांजराच्या विष्ठेचे दोनशे अकरा नमुने धुतले होते, आणि तेवढ्या काळात प्रत्यक्ष पाणमांजर तिला एकदाच, तेही पाठमोरे, दिसले होते. त्याचे तिला वैषम्य नव्हते. प्राणी काय खातो हे त्याच्याकडे बघून कळत नाही, मागे टाकलेल्या हाडांवरून कळते, असे तिचे मत होते.

जर्मनीतल्या कीलच्या विद्यापीठात ती डॉक्टरेट करत होती. नमुने श्लाय खाडीच्या काठावरून येत. १९५९च्या उन्हाळ्यात तिने अहवाल दिला: खाल्लेल्या दर दहा माशांपैकी सात वाम मासे, बाकी किरकोळ. खाडीवरच्या मासेमारांचे पोट वामीवर चालत होते. त्यांच्या संघाने तो आकडा उचलला आणि नोव्हेंबरपासून प्रत्येक ओढ्यावर सापळे लावायचा ठराव मांडला. शनिवारी मतदान होते.

"आकडा तुमचाच आहे, फ्राऊ नाडकर्णी," संघाचे म्हातारे अध्यक्ष पेटरसन तिला म्हणाले होते. लतिकेला वाईट वाटले. पण वाईट वाटणे हा पुरावा नव्हे.

आदल्या रविवारी तिचा नवरा भास्कर श्रीखंडाच्या खटपटीत होता. तो गोदीत इंजिनिअर होता आणि स्वयंपाकही जहाज बांधल्यासारखा करायचा. दुकानातले क्वार्क, म्हणजे तिथला चक्काच, मलमलीत बांधून त्याने खिडकीच्या कडीला टांगले होते आणि आता वेलदोड्याची पूड चहाच्या गाळणीतून गाळत होता.

"ही कसली गाळणी? भोके आहेत की खिडक्या? आई सगळं वस्त्रगाळ करायची."

"अहो, वर राहिलंय ते टाकून द्या आणि संपवा."

"टाकतोच आहे. साल वर राहते, वेलदोडा खाली जातो. तुझंच उलटं. तू वरचं जपून ठेवतेस आणि खालचं मोरीत सोडतेस."

तो थट्टा करत होता. लतिकेने हातातला कप खाली ठेवला.

तिची चाळणी दोन मिलिमीटरची होती. प्रयोगशाळेत कोणीतरी पूर्वी शिंपले धुवायला आणलेली, तिथेच टेबलावर पडलेली. जगातल्या प्रत्येक विधानावर शंका घेणाऱ्या या बाईने त्या चाळणीवर मात्र कधी शंका घेतली नव्हती. वामीचा मणका त्या भोकांवर अडकतो. ओढ्यातल्या बोटभर काटेरी माशाचा, श्टिखलिंगचा, मणका मिलिमीटरभरही नसतो.

"ते कापड सोडा," ती म्हणाली.

"अगं, माझं श्रीखंड!"

"उद्या बाऊल भरून करून देते."

सोमवारी तिने चाळीस न धुतलेले नमुने मलमलीतून गाळले. कापडावर मीठ सांडल्यासारखे बारीक मणके उरले. निष्कर्ष मनासारखा निघत होता, म्हणून तिने त्यावर दुप्पट संशय घेतला. शंभर श्टिखलिंग उकळून, हाडे मोकळी करून, तिने ती आधी जुन्या चाळणीत ओतली. नऊ माशांचा पत्ता लागला. मलमलीतून ओतली, तेव्हा सत्त्याण्णवांचा.

गुरुवारी तिच्या प्राध्यापकांनी चष्मा पुसत सगळे ऐकले.

"असं करा, दुरुस्ती पुढच्या वर्षी शांतपणे छापा. आत्ता जाहीर बोललात तर प्रबंध वर्षभर मागे पडेल. आणि तुम्ही परदेशी आहात. लोक ते विसरत नाहीत."

"सापळे या नोव्हेंबरात लागणार आहेत," लतिका म्हणाली.

शनिवारी खानावळीच्या सभागृहात चाळीसेक मासेमार पाइप ओढत बसले होते. लतिका उभी राहिली आणि प्रस्तावनेशिवाय म्हणाली, "माझा अहवाल चुकीचा आहे. माझ्या चाळणीची भोके मोठी होती, बारीक हाडे खाली निसटली. नव्या मोजणीत दर दहा माशांपैकी वाम मासे दोनच आहेत."

"वा! उन्हाळ्यात सात, आता दोन," पेटरसन म्हणाले. "नाताळपर्यंत पाणमांजर बटाटे खायला लागेल." सभागृह हसले. "आम्ही दुसऱ्या आकड्यावर का विश्वास ठेवायचा?"

"ठेवू नका. मोजा."

तिने टेबलावर चाळणी, मलमल, पाण्याची बादली आणि हाडांची बरणी मांडली. "यात शंभर मासे आहेत. तुम्हीच ओता."

पेटरसननी बाह्या सारल्या. चाळणीतून पाणी गेले. वर जवळजवळ काहीच उरले नाही. बादलीतले पाणी मलमलीतून गेले, तेव्हा त्यांनी कापड दिव्याकडे धरले आणि बराच वेळ मोजत राहिले. साठाच्या पुढे त्यांनी मोजणे सोडले.

"चाळणी खोटी होती, हे मान्य," ते म्हणाले. "मांजर निर्दोष आहे, हे नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," लतिका म्हणाली. "चाळीस नमुने पुरेसे नाहीत. मला एक वर्ष द्या. नमुने तुम्ही गोळा करा, म्हणजे मी निवडून घेतले असे कोणी म्हणणार नाही."

ठराव एक वर्ष पुढे ढकलला गेला, सहा मतांच्या फरकाने. विजय म्हणावा असे ते काही नव्हते; पण त्या हिवाळ्यात ओढ्यांवर एकही सापळा लागला नाही.

मतदानानंतरच्या सोमवारी सकाळी पेटरसन प्रयोगशाळेच्या दाराशी उभे होते. हातात तंबाखूचे सात डबे, प्रत्येकावर तारीख, ओढ्याचे नाव आणि वारा कोणत्या दिशेचा होता, तेही.

"वारा कशाला?" लतिकेने विचारले.

"कुणाला ठाऊक, पुढे कामाला येईल," ते म्हणाले.

तिने सातही डबे वहीत नोंदवले. वाऱ्यासाठी वेगळा रकाना आखला.