दुसऱ्या अंकातला हिरवा झगा

इमोजेन थॅकरचा संशय बळावला तो हिरव्या झग्याच्या कमरेवरून. दुसऱ्या अंकात तो घालून ती जिना उतरायची आणि टाळ्या पडायच्या. एका बुधवारी झगा चढवताना तिला आतल्या बाजूला नवे टाके दिसले, शेजारी जुन्या शिवणीची भोकं. कुणीतरी झगा आवळला होता. झालं, मनात पाल चुकचुकली.

तिचंही काही अगदीच खोटं नव्हतं म्हणा. वीस वर्षं सिनेमात नायिका, मग नायिकेची थोरली बहीण, मग आई, मग फोनच येईना. बावन्नाव्या वर्षी ती न्यूयॉर्कला, रंगभूमीवर परतली आणि नाटक चाललं. ही भूमिका हातची गेली तर दुसरी मिळणार नव्हती. म्हणून थिएटरच्या मागच्या दारापाशी हजेरीची सही करायला ती सगळ्यांच्या आधी हजर. पडदा उघडायच्या अर्धा तास आधी सही नसेल तर बदली नटी उभी राहणार, हा ब्रॉडवेचा शिरस्ता. बाईने अंगात ताप घेऊन काम केलं, पण एक प्रयोग चुकवला नाही.

बदली नटी म्हणजे रोवेना पील. तिशीची, छडीसारखी बारीक आणि फार म्हणजे फारच नम्र. त्या नम्रतेचाच इमोजेनला संताप यायचा. नाटकाच्या मालकाने रोवेनासाठी वेगळा झगा शिवलाच नव्हता. थॅकरबाई कधी आजारी पडत नाहीत, मग कापड कशाला वाया घालवा, असं त्याचं म्हणणं. तर मग हा आवळला कुणासाठी? इमोजेनने आपलं डोकं चालवलं. दर गुरुवारी दुपारी बदली मंडळींची तालीम असते. तेव्हा झगा रोवेनाच्या मापाचा करायचा, संध्याकाळी उसवून पुन्हा आपल्या अंगाला येईलसा. मालक गुपचूप तयारी करतोय आणि एक दिवस आपल्या हातात नारळ देणार!

जिव्हारी लागली ती हुल्डा. हुल्डा लिंडग्रेन तिचे पोशाख सांभाळायची, सतरा वर्षांची सोबत. त्या कपड्यांना दुसऱ्या कुणाची सुई लागणं शक्यच नव्हतं. रोज सूपाचा वाडगा पुढे सरकवणारी, नाही खाल्लं की तोंड पाडून बसणारी ही बाई आतून फितूर निघावी? इमोजेनने तिच्या हातचं सूपही बंद केलं. बोटातली अंगठी सैल झाली होती, त्याचा दोष तिने थंडीला दिला.

गुरुवारी दुपारी ती कुणाला न सांगता थिएटरात गेली. तिच्या खोलीत हुल्डा झगा मांडीवर घेऊन बसलेली, हातात सुई. इमोजेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच रंगमंचावर गेली, तालीम थांबवली आणि रोवेनाला दंडाला धरून खोलीत घेऊन आली.

"घाल," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच आवळलाय ना? बघू तरी कशी दिसतेस."

रोवेना रडवेली झाली, आपल्याला यातलं काही ठाऊक नाही म्हणून शपथा घेऊ लागली. हुल्डा मध्ये पडली, तिला इमोजेनने गप्प बसवलं. शेवटी त्या पोरीने झगा चढवला. हुल्डा मागून हुक लावायला गेली, ते लागेनात. रोवेनाने श्वास धरला, पोट आत ओढलं, तरी पाठीवर चार बोटांचं अंतर उरलं.

इमोजेन त्या अंतराकडे बघतच राहिली.

"मग हा कुणासाठी?" तिने विचारलं. आवाजातली धार गेली होती.

"तुमच्यासाठी, बाई." हुल्डाने मान खाली घातली. "सप्टेंबरपासून पाचव्यांदा आवळतेय. तुम्हाला कळलं तर तुम्ही खचाल आणि मालकाला कळलं तर काम जाईल, असं वाटलं. चुकलंच माझं. तुम्हाला डॉक्टरकडे ओढत न्यायला हवं होतं."

रोवेनाने घाईघाईने झगा उतरवला. इमोजेनने तो घेतला आणि अंगात घातला. हुल्डाने हुक लावले, एकामागून एक, कुठे ताण नाही की ओढ नाही. मालकाचा राग, रोवेनाचा राग, सगळा कुठल्या कुठे गेला. उरली ती भीती, आणि ती आता कुणाच्या माथी मारता येत नव्हती.

ती खुर्चीत बसली.

"हुल्डा, टेप आण," ती म्हणाली. "हिचं माप घे. हिचा वेगळा झगा शिवायला टाका. आणि जरा घाई करा."