कागदावरचा पाय

आमचे पाद्रीबाबा प्रवचन बोलत नाहीत, गातात. सुरुवात साधीच असते. घसा खाकरायचा, चार वाक्यं सरळ बोलायची. मग कुठेतरी आवाज चढतो, शब्द लांबतो आणि बाकांवरची माणसं डुलायला लागतात. अशा वेळी त्यांच्या ओळीला मागून साथ द्यायला, झील धरायला, भक्कम गळा लागतो. तो गळा गेली चाळीस वर्षं माझ्या आत्याचा. झील उभं राहूनच धरायची, हा तिचा नेम. "बसून देवाला ओ देतात का?" म्हणते.

त्या वर्षी मात्र ती बसायला लागली. आधी शेवटच्या कडव्याला, मग अर्ध्यातच. एका रविवारी घरी येताना म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून झील दुसऱ्या कुणाला तरी सांगा. माझं झालं."

"डॉक्टरांना दाखवू या की."

"डॉक्टर काय करणार? पाय चांगले आहेत रे. बुटांनी खाल्लेत."

बुटांचं हे प्रकरण जुनं. आत्याच्या तरुणपणी गावात बुटांचं एकच दुकान होतं, गोऱ्या मालकाचं. आम्हा काळ्या माणसांनी तिथे बूट विकत घ्यायला हरकत नव्हती, पायात घालून बघायला होती. आमचा पाय लागलेला बूट मग गोरं गिऱ्हाईक घेणार नाही म्हणे! म्हणून घरी कागदावर पाय ठेवायचा, भोवतीनं पेन्सिल फिरवायची, कागद कापायचा आणि दुकानात न्यायचा. मालक तो कागद बुटात सरकवून बघणार, बसला की खोका हातात.

दवाखान्याच्या धुलाईखान्यात लागल्यावर पहिल्या पगाराचे बूट आत्यानं असेच आणले. चावतात म्हणून दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेली, तर मालक म्हणाला, "कागद तूच चुकीचा कापलास." शेजारी मालकाचा मुलगा उभा होता, तिच्याच वयाचा. तो खाली बघत राहिला. पुढे बंदी उठली, पण आत्या काही त्या दुकानाची पायरी चढली नाही. आम्हालाच कागद देऊन पाठवायची. मनात अढी बसली होती, आणि बोटांवर कुरुपं.

आमच्या प्रार्थनाघरासमोर, रस्ता ओलांडला की गोऱ्यांचं प्रार्थनाघर. त्या वर्षी दोन्ही पाद्र्यांनी मिळून ठरवलं की एकत्र उपासना करायची आणि प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे एकमेकांचे पाय धुवायचे. मी नळांची कामं करतो, त्यामुळे कोमट पाण्याचं खातं माझ्याकडे आलं. कुणी कुणाचे पाय धुवायचे याची यादी होऊ लागली. तो मालकाचा मुलगा, आता स्वतःच म्हातारा दुकानदार, आपणहून उठला आणि त्यानं आत्याचं नाव सांगितलं.

"मी नाही जायची," आत्या म्हणाली. "पाय मी रोज धुते, साबण लावून. त्याच्यावाचून माझं काही अडलेलं नाही."

संध्याकाळी पाद्रीबाबा घरी आले. दारातूनच सूर लावला, "बाऽई गं, बाऽई गं, पाऽऊल उचल..."

"बाबा, गाऊन काम काढून घेऊ नका."

"बरं, नाही गात. तू झील तरी धर."

आत्या हसली, आणि तिथेच फसली. "येते. पण तो वेडंवाकडं काही बोलला, तर गंगाळ त्याच्या डोक्यावर पालथं करीन."

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "पाणी फार गरम ठेवू नकोस रे."

पाण्याला खरं तर काही कामच नव्हतं. दोन्हीकडची माणसं घरून पाय इतके घासून आली होती, की गंगाळातलं पाणी शेवटपर्यंत नितळ राहिलं. आत्या आली ती करंगळीपाशी चिरा दिलेले जुने बूट घालून. खुर्चीवर बसली, बूट काढले आणि न्यायाधीशासारखी समोर बघत राहिली.

दुकानदार खाली बसला. त्याचे गुडघे असे वाजले की मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"उठता येईल ना?" आत्यानं विचारलं.

"ते नंतर बघू."

त्यानं पाणी ओतलं. डावा तळवा टाचेखाली, उजवा अंगठा बोटांच्या टोकाशी. मग वीत पुढे सरकली.

"अहो, धुताय की माप घेताय?"

"पन्नास वर्षांची सवय आहे हो, हात ऐकत नाही..." आणि तो थांबला. ओला हात पायाच्या वरच्या चढावर तसाच राहिला. "तुमचा पाय वरून उंच आहे. चांगलाच उंच."

"जन्मापासून आहे."

"कागदात उंची येत नाही." त्यानं मान वर केली. डोळे भरले होते. "तुम्ही कागद बरोबरच कापला होता. बूट परत आणलात, तेव्हा मला शंका आली होती. मी बोललो नाही. माझं चुकलं."

किटली हातात घेऊन मी उभा, आणि माझी नजर गंगाळावर.

"चुकलंच," आत्या म्हणाली. "ते इथे पाण्यात सोडून चालणार नाही. मला तुमच्या दुकानात बसून बूट घालून बघायचेत. एक नाही, सगळे."

"उद्या या. संध्याकाळी या मात्र. दिवसभरात पाय फुगतो, तेव्हाचं माप खरं."

मग आत्यानं त्याचे पाय धुतले. धुलाईखान्यातला हात तो. चादरीचा डाग काढावा तसे खसाखसा चोळले. "गुदगुल्या होतात!" म्हणून तो ओरडला, आणि दोन्हीकडचे बाक एकदमच हसले. त्याला उठवायला दोन माणसं लागली.

दुसऱ्या दिवशी आत्या दुकानात अगदी काचेजवळच्या खुर्चीवर बसली, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशी. मी आणि पाद्रीबाबा मागे. दुकानदार शिडीवर चढत होता, खोके उतरवत होता, स्टुलावर बसून बूट चढवत होता. तिसरा जोड आत्याला आवडला नाही. पाचवा आवडला, पण तिनं सांगितलं नाही. नववा तर केवळ लाल होता म्हणून घालून बघितला. अकरावा घातला आणि आतल्या आत बोटं हलवून बघितली. वरून मऊ, नाडीचा, चढाला ऐसपैस.

"चालून बघा," दुकानदार म्हणाला.

"चालायचं नाही मला. उभं राहायचंय." ती उठली. "बाबा, सुरू करा."

बाबांना काय, निमित्तच हवं होतं! "दाऽर उघडलं, कोऽण गं आलं?"

"मीऽ आले, मी उभी आहे!" आत्यानं काच थरथरेल अशी झील दिली.

एकामागून एक कडवी झाली. मोज्यांपाशी उभी असलेली दोन गोरी गिऱ्हाइकंही झील धरायला लागली. दुकानदार खोका मांडीवर घेऊन ताल धरत होता, साफ चुकीचा. शेवटचं कडवंही झालं. आत्या उभीच.

"मग, माफ केलंत?" त्यानं हळूच विचारलं.

"अर्धं. उरलेलं बूट किती टिकतात ते बघून."

"बसा तरी आता."

"कशाला?" आत्या म्हणाली. "बाबा, दुसरं घ्या. आणि तुम्ही हो दुकानदार, ताल माझ्याकडे बघून धरा."