रविवारचं दूध

मालनबाईनं पारडू सोडलं आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत ती पान्हा फुटायची वाट बघू लागली. गोठ्याच्या तोंडाशी छगन उकिडवा बसला होता, समोर झाकणाची बरणी. दुष्काळी खडीच्या कामावर त्यानं चहाची टपरी टाकली होती. पाऊस दडी मारून बसल्यापासून सारी पंचक्रोशी तिथं दगड फोडायला येई, त्यामुळे कितीही दूध आणलं तरी त्याला पुरत नसे.

"पारडाला लई पिऊ देऊ नका वयनी," तो म्हणाला. "आज ओव्हरसियर येनार हाय."

मालनबाईनं पारडू ओढून खुंट्याला बांधलं. हा छगन तिला मुळीच आवडत नसे; त्याचा भाव मात्र फार आवडे. घरात खायला कमी होतं असं नाही. नवरा बन्सी खडीवर होता, वरून तिथं खायला सुकडीही मिळत होती. पण पदराची गाठ जड झाली की मालनबाईची चाल बदलते, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सोमवार ते शनिवार दूध छगनचं. रविवारचं मात्र त्यांच्या घराण्यात कोणी विकत नसे, की विरजत नसे. ते खंडोबाचं. सकाळची धार देवघरात न्यायची, देवाला वाटीभर दाखवायची आणि उरलेलं गल्लीतल्या पोरांना वाटायचं. सासूनं हे सांगितलं होतं, आणि रविवारचं दूध मालनबाईनं कधी विकलं नव्हतं. काल, शनिवारी, छगन अडून बसला. म्हणाला, कामाला सुटी असते ती बाजाराच्या दिवशी, रविवारी टपरीवर गर्दी असतेच. सातही दिवस देणार असाल तर घेतो, नाहीतर पलीकडची वाडी तयार आहे.

"देवाचं असतंय रे ते," ती म्हणाली होती.

"देवाला पोचतंय कुठं?" छगन हसला होता. "वाटनी झाल्यापास्नं तुमी थोरल्याच्या ओट्यावर पाय ठिवला न्हाई. देवाच्या नावावर पोरंच पित्यात. मंग मला दिलं तर काय बिघडलं?"

आणि ती हो म्हणून बसली.

कारण ते खरं होतं. दिवाळीनंतर भाऊ-भाऊ वेगळे झाले, तेव्हा रिवाजाप्रमाणे देवाचे टाक थोरल्या सहादेवाकडे राहिले. जमिनीवरून चकार शब्द निघाला नाही. भांडण झालं ते देवावरून. थोरल्या जावेचे, साळूबाईचे गुडघे धरलेले, त्यामुळे इतकी वर्षं देवपूजा मालनबाईच करत आली होती. "हातपाय माझे झिजले आन देव तुमच्याकडं?" असं तिनं चारचौघांत विचारलं. साळूबाई म्हणाली, "रिवाज हाय." तेवढ्यावर मालनबाई भडकली. त्या ओट्यावर चढले तर नावाची मालन नाही, म्हणाली. बन्सीनं समजावून पाहिलं आणि मग नाद सोडला.

तर आता तिनं चरवी गुडघ्यांत धरली आणि आचळाला हात घातला. पहिली धार चरवीच्या बुडावर वाजली, आणि तिचं तोंड आपोआप उघडलं.

"खंडेराया, आजचं तुझं."

दर रविवारी पहिल्या धारेला ती हेच म्हणायची. हात तिथंच थांबले. मग तिनं खाली मान घालून उरलेली धार काढली. चरवी जेमतेम अर्धी झाली. ती उठल्यावर छगननं बरणीचं झाकण काढून पुढे केलं.

"वता."

"आरं, देऊन बसले मी."

"कुनाला?"

"तू ऐकलं न्हाई व्हय?"

"सवयीनं गेलं तोंडातून! त्याला काय देनं म्हन्त्यात? मी कुनाला सांगत न्हाई, वता तुमी."

मालनबाईला त्याचा राग आला, स्वतःचा आला, आणि खरं सांगायचं तर खंडोबाचाही आला. बरणीचं तोंड समोर उघडं होतं. चरवी नुसती कलती करायचीच खोटी होती. तिनं चरवी छातीशी धरली.

"तुला सांगायची गरजच न्हाई," ती शेवटी म्हणाली. "ज्याला दिलं त्यानं ऐकलंय."

"मंग उद्यापास्नं मी येनार न्हाई."

"नको येऊ."

छगननं झाकण आपटलं आणि तो निघून गेला. मालनबाईनं चरवीवर फडकं टाकलं. दूध घरात ठेवून पोरांना वाटता आलं असतं, वाटणी झाल्यापासून तेच चाललं होतं. पण देवाला पोचतंय कुठं, हे काल छगननं विचारलं होतं, आणि असल्या माणसानं विचारावं याचीच तिला जास्त लाज वाटत होती. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि गल्लीतून चालत जाऊन थोरल्या घराचा ओटा चढली.

साळूबाई दारात पाय पसरून सुपात रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत होती. तिनं वर पाहिलं आणि हात थांबवले.

"मी देवाकडं आलेय आक्का," मालनबाई उभ्यानंच म्हणाली. "तुमच्याकडं न्हाई."

"मंग जा की देवाकडं. मी कुठं आडवी आले?" साळूबाईनं पाय आखडले.

देवघर स्वच्छ होतं. टाकांवर ताजा भंडारा वाहिलेला. समोर नैवेद्याची वाटी होती, तिच्यात पाणी.

"हे काय? पानी?"

"माझी म्हैस आटलीय," बाहेरून साळूबाई म्हणाली. "आन रईवारी तुझ्याच दुधाचा निवद असतोय. दुसऱ्या कुनाचं कसं ठिवू?"

"आवं, मंग हाक मारायची!"

"मी?" साळूबाई म्हणाली. "मीबी कुनाच्या दारात जानारी न्हाई."

मालनबाईनं वाटी उचलली. दोघींच्या हट्टापायी देव इतके दिवस पाण्यावर बसला होता. तिनं वाटीतलं पाणी तुळशीला घातलं, वाटी पदरानं पुसली आणि काठोकाठ दूध ओतलं. तिनं हात जोडले. काय मागावं हे तिला कळेना, म्हणून तिनं काहीच मागितलं नाही.

बाहेर आली तेव्हा साळूबाईनं विचारलं, "छगन तणतणत गेला आत्ताच. उद्याचं दूध काय करनार?"

"इकनार. दुसरं गिऱ्हाईक बघीन."

"आन फुडल्या रईवारचं?"

मालनबाईनं चरवीवरचं फडकं सारखं केलं.

"तुमचे गुडघे कसे हायेत?" तिनं विचारलं.

"दुखत्यात."

"मंग तुमी बसा. पूजेला मी येत जाईन."

साळूबाईनं सूप जरा बाजूला सरकवलं, आणि मालनबाईनं चरवी तिथं टेकवली.