बाजेखालचा विस्तव

मित्रांनो, दुर्गाबाईंच्या ओसरीवर भिंतीला टेकवलेली ती बाभळीची जुनी बाज म्हणजे मी. माझा एक पाय वाळवीने पोखरलाय, त्यामुळे कुणी बसलं की मी कुरकुरते. म्हातारपणी तेवढा हक्क असतोच की!

भोकरदनजवळच्या एका खेड्यात कचरू सुताराने मला घडवलं आणि घरधनी रामकिसनरावांनी अंबाडीच्या दोरीने विणलं. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचं साल असेल. त्यांची एकुलती लेक आशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, म्हणून ही धांदल. "वीण घट्ट ठेवा, लेकीची पाठ दुखायला न्हाई पाहिजे," असं दुर्गाबाई नवऱ्याला पुन्हा पुन्हा बजावत होत्या.

आशाला घरातच मुलगी झाली. माझ्यावर मऊ गोधडी पडली, उशाशी विळा आला आणि माझ्या पोटाखाली घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव. आमच्याकडे बाळंतिणीला असाच शेक देतात. दुर्गाबाई त्यावर ओवा-शेपा टाकत, त्याचा धूर माझ्या दोऱ्यांमधून वर जाई. खिडकीला पोतं, लेकीच्या कानाला फडकं, डिंकाचे लाडू. कशातच कसूर नव्हती. तान्ही सोनू आईच्या कुशीत चुटूचुटू दूध प्यायची. तिचं ओझं मला जाणवतसुद्धा नसे. बाज होऊन जन्माचं सोनं झालं, असं मला वाटायचं.

मग आशा कुडकुडायला लागली.

"माय, लई थंडी वाजून राह्यली."

"वारं लागलं असंल," म्हणत दुर्गाबाईंनी विस्तव वाढवला.

शेजारच्या झुंबरबाई बाळ पाहायला आल्या. आशाच्या दंडाला हात लावून कौतुकाने म्हणाल्या, "अंग कसं गरम हाय! शेक बराबर बसून राह्यला बघ." दुर्गाबाई सुखावल्या.

मला मात्र ठाऊक होतं. दुपारी विस्तवाची राख होई, घमेलं गार पडे, तरी माझ्या दोऱ्या तापलेल्याच असत. ती धग खालून येत नव्हती, वरून येत होती. आशाला ताप होता, मित्रांनो! मी जीव तोडून कुरकुरले. "बाज ढिली झाली वाटतं," म्हणत रामकिसनरावांनी पायथ्याच्या दोऱ्या ताणल्या.

एका सकाळी आशाने सोनूकडे पाहून विचारलं, "हे कुणाचं लेकरू?" तेव्हा घर हादरलं. चौघांनी आशासकट मला खांद्यावर घेतलं आणि सडकेची वाट धरली. दुर्गाबाई सोनूला छातीशी धरून बाजूने पळत होत्या. मोकळ्या रानात गार वारा सुटला होता. सडकेवर मला टेकवल्यावर त्यांनी लेकीच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग वाकून माझ्याखाली पाहिलं.

"खाली विस्तव न्हाई. मंग अंग कामून भाजून राह्यलं हो?"

रामकिसनराव गाडी थांबवायला हात हलवत सडकेवर धावले.

जीप मिळाली, आशा जालन्याच्या दवाखान्यात पोचली. पण फार उशीर झाला होता. मी रिकामी घरी आले. आशा आलीच नाही.

ही बाज जाळून टाका, असं गाव म्हणालं. दुर्गाबाईंनी मला जाळू दिलं नाही, पण नजरेसमोरही ठेवलं नाही. मी गोठ्यात गेले. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या, दोऱ्या कुजल्या. घरात सोनू शेळीच्या दुधावर वाढत होती. तिचं रडणं गोठ्यात ऐकू यायचं आणि माझा जीव तुटायचा.

वर्षं गेली, रामकिसनरावही गेले. सोनूचं लग्न झालं आणि तीही बाळंतपणाला आजीकडेच आली. भोकरदनच्या दवाखान्यात तिला मुलगा झाला. घरी आल्यावर तिने हट्ट धरला, "माझी माय निजायची ती बाज काढ." दुर्गाबाई आधी चिडल्या, मग रडल्या, आणि मग स्वतःच दोरी आणून शेजारच्या भुजंगकडून मला विणून घेतलं.

या वेळी माझ्याखाली विस्तव नव्हता. दुर्गाबाई रोज नातीच्या कपाळाला हात लावत आणि मग तोच हात खालून माझ्या दोऱ्यांवर फिरवत. एके दिवशी तो हात थांबला.

"सोने, थंडी वाजून राह्यली का?"

"थोडीशीच. उद्या जाऊ की दवाखान्यात."

"उद्या न्हाई. ऊठ जल्दी!"

सोनू दवाखान्यातून बरी होऊन लेकराला घेऊन घरी आली. बायकांनी दुर्गाबाईंचं तोंड भरून कौतुक केलं. त्या गेल्यावर, मायलेकरं झोपलेली असताना, दुर्गाबाई माझ्याजवळ खाली बसल्या. दोऱ्यांना हात लावून हळूच म्हणाल्या, "आशे, तवाच असा हात लावला असता तर गं." आणि कितीतरी वेळ त्या तशाच बसून रडत राहिल्या.

मित्रांनो, दुर्गाबाईंची माया तेव्हाही कमी नव्हती. तुमच्या घरी बाळंतीण थंडी वाजते म्हणाली, तर विस्तव वाढवू नका. तो बाजूला काढा, तिच्या अंगाला हात लावून पाहा, आणि अंग तापलेलं असेल तर घरातल्या मोठ्यांना सांगून तिला लगेच दवाखान्यात न्यायला लावा. मला तेव्हा नुसतं कुरकुरता आलं. तुम्हाला बोलता येतं.