रद्द न झालेली गाडी

चिकलठाण्याच्या स्टेशनात दिवसातून दोन पॅसेंजर थांबत. उतरायला कधी चार माणसं, कधी नुसतीच दुधाची किटली. सूर्यभान तिथं पंचवीस वर्षं पॉइंट्समन होता. रुळांचे सांधे बदलायचे, झेंडा दाखवायचा. त्याचा धाकटा भाऊ कडूबा पलीकडं विमानतळावर बॅगा चढवायचा. विमानतळ झाला ती जमीन म्हणजे बापानं मेंढरं चारली तीच. दोघांच्याही अंगावर वर्दी, पण पाव्हणेरावळे आले की घोळका कडूबाभोवती. "आतून कसं असतं रं इमान?" सूर्यभानला कुणी गाडीची वेळसुद्धा विचारत नसे.

तेही त्यानं गिळलं असतं. पण हैदराबादला बहिणीचं, भागूबाईचं, पायाचं ऑपरेशन झालं आणि कडूबानं आईचं आणि आपलं विमानाचं तिकीट काढलं. गल्लीनं आईला, आवडाबाईला, हार घातला, नारळ दिला. सूर्यभान ड्युटीचं निमित्त करून आधीच स्टेशनावर निघून आला होता.

दहाच्या सुमारास रिक्षा येऊन थांबली. आई आणि कडूबा पिशव्या घेऊन उतरले.

"दादा, इमान रद्द झालं," कडूबा मान खाली घालून म्हणाला. "आता घरी कोणत्या तोंडानं जावं? पॅसेंजरनं जातो."

सूर्यभानला आधी बरंच वाटलं. जिरली, असं मनात आलं. तेवढ्यात आई म्हणाली, "इमान नाय तर नाय. पण आतली काचेची खोली तर दावली माझ्या कडूबानं! लई थंडगार."

विमान उडालंसुद्धा नव्हतं, तरी कौतुक कडूबाचंच.

"गाडी पण रद्द आहे आज," सूर्यभान बोलून गेला. "पुढं काम चालूय."

भावावर कोण अविश्वास धरणार? स्टेशन मास्तरांना न विचारताच दोघं माघारी फिरले.

अर्ध्या तासानं हैदराबाद पॅसेंजर आली, मिनिटभर थांबली. त्यानं हिरवा झेंडा दाखवला. गाडीनं लांब शिट्टी दिली, आणि ती शिट्टी पार गल्लीपर्यंत ऐकू जाते हे त्याला त्याच वेळी आठवलं.

संध्याकाळी तो घरी गेला तर आई उंबऱ्यातच बसलेली. चौकशीला जमलेल्या गल्लीतल्या बायका पांगल्या होत्या. सुकलेला हार खुंटीवर होता.

"गाडी आली व्हती ना रं?"

"व्हय माय. खोटं बोललो."

कडूबा ताडकन उठला. आईनं हातानंच त्याला थांबवलं. "लेक माझी तिकडं कण्हतीय, सूर्यभान. का असं केलं?"

"पंचवीस वर्षं झाली मला रेल्वेत," तो म्हणाला. "एकदा तरी म्हणलीस का, तुझ्या गाडीत बसव म्हणून? पास हाय माझ्याकडं. कवाधरनं सांगतोय, जा म्हणून."

"जा म्हणलास," आवडाबाई म्हणाली. "चल म्हणला का कधी?"

त्यानं मागची सगळी वर्षं धुंडाळून पाहिली. चल, असं तो एकदाही म्हणाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि आईला म्हणाला, "चल." कडूबाला कामावर परत हजर व्हायचं होतं, तरी तो स्टेशनापर्यंत पिशव्या घेऊन आला. आईच्या पाया पडला आणि भावाकडं न बघता वळून चालू लागला.

"कडूबा," सूर्यभाननं हाक मारली. "चुकलं माझं."

कडूबा थांबला. "ताईला सांग, पुढच्या महिन्यात मी येतो," एवढंच म्हणाला.

करमाड स्टेशन मागं पडल्यावर आईनं फडकं सोडलं. भाकरी, ठेचा. पहिला तुकडा तिनं सूर्यभानच्या हातावर ठेवला. खिडकीतून वारा येत होता आणि तिच्या चेहऱ्यावर लहान पोरीसारखं हसू होतं. ते त्यानं डोळे भरून पाहिलं.

"कडूबा असता तर किती बरं झालं असतं," ती म्हणाली.

काळजात जुनीच कळ उठली. "व्हय," सूर्यभान म्हणाला आणि घास चावत राहिला.